सुरी हातात घेण्यापूर्वी

जपानी घरात साशिमी सहसा केली जात नाही, विकत आणली जाते. संध्याकाळी कुठल्याही सुपरमार्केटच्या मासळी विभागात उभं राहिलं की उथळ ताटल्या ओळीने मांडलेल्या दिसतात. पांढऱ्या मुळ्याच्या लांब, बारीक चिरीवर शिसोचं हिरवं पान, आणि त्यावर टेकवलेले ट्यूनाचे, साल्मनचे, माकुलाचे काप. शेजारच्या खणात तोच मासा न कापता ठेवलेला असतो, काटे आणि कातडी काढून आयताकृती ठोकळ्याच्या रूपात. या ठोकळ्याला साकू म्हणतात. दोन्हींवर एक छोटी पट्टी चिकटवलेली असते : 'साशिमीसाठी'. हातभर अंतरावर त्याच जातीचा, तितकाच चकचकीत मासा असतो आणि त्याच्या पट्टीवर लिहिलेलं असतं : 'शिजवण्यासाठी'. दुकान बंद व्हायची वेळ जवळ आली की एक कर्मचारी सवलतीच्या चिकटपट्ट्या घेऊन फिरू लागतो. त्याच्या मागे-पुढे, आपल्याला काही घाई नाही असं दाखवत, चार-पाच गिऱ्हाइकं रेंगाळत असतात. अर्ध्या किमतीची पट्टी लागली की ताटली उचलली जाते, घरी जाते आणि तासाभरात संपते. दुसऱ्या दिवसासाठी ती कुणी घेत नाही.

या पुस्तकाचा निम्मा भाग त्या दोन पट्ट्यांमधल्या फरकाबद्दल आहे. उरलेल्या निम्म्यात सुरी, सोया सॉस, वासाबी आणि ताट येतात. पाककृतींचं पुस्तक म्हणून हे प्रमाण विचित्र वाटेल, पण साशिमीत प्रमाणच तसं आहे.

मराठी माणसाला सुशी आता नवीन राहिलेली नाही. मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत ती मिळते, लग्नांच्या स्वागत-समारंभातही तिचं एखादं टेबल दिसतं. व्हिनेगर लावलेल्या भातावर मासा ठेवला की सुशी, आणि भात बाजूला काढून नुसता मासा वाढला की साशिमी, इतपत ओळखही असते. पण साशिमी घरी करतो म्हटलं की समोरच्याचा प्रश्न ठरलेला : त्यात करायचं काय? शिजवायचं नाही, तळायचं नाही, वाटण नाही, फोडणी नाही. कापायचं आणि खायचं.

प्रश्न रास्त आहे. रश्शात किंवा तव्यावर मासा पडतो तेव्हा विस्तव आपल्यासाठी बरंच काही गुपचूप करून टाकत असतो. जंत मारतो, जिवाणू मारतो, सुरी बोथट असली तर ते झाकतो, मासा दोन दिवसांचा असला तर तेही आलं-लसणाच्या मदतीने निभावून नेतो. साशिमीत विस्तव नाही, पण म्हणून ही कामं रद्द होत नाहीत. ती वाटली जातात. काही मासेमाराच्या वाट्याला जातात, काही बाजाराच्या, काही शीतगृहाच्या, आणि थोडीशीच घरातल्या माणसाच्या. घरी साशिमी करणारा हा एका लांबलचक साखळीतला शेवटचा हात असतो. आधीच्या हातांनी काय केलं हे ठाऊक नसेल, तर त्याने कितीही सुरेख काप काढले तरी उपयोग नाही.

साखळीची सुरुवात बोटीवर होते. जाळ्यात किंवा गळाला लागलेला मासा तडफडून मरतो तेव्हा स्नायूंतली शक्ती खर्च होते, अंग तापतं, आम्ल साचतं आणि मांस लवकर ताठरतं. हे टाळण्यासाठी जपानी मासेमारांनी इकेजिमे नावाची पद्धत बसवली. डोळ्यांच्या किंचित मागे-वर टोकदार सळई खुपसून मेंदू एका क्षणात निकामी करायचा. कल्ल्याजवळ आणि शेपटीजवळ छेद देऊन रक्त वाहू द्यायचं. मग पाठीच्या कण्यातून एक बारीक तार आरपार घालून मज्जारज्जू नष्ट करायचा. तार आत सरकते तसं माशाचं अंग थरथरतं, कातडीचा रंग लाटेसारखा बदलतो, आणि मग सगळं सैल पडतं. पाहायला हे क्रूर वाटतं. डेकवर पडून अर्धा तास गुदमरण्यापेक्षा ते कमी क्रूर आहे असं माझं मत आहे, पण त्यावर मी वाद घालणार नाही. चवीच्या हिशेबाने मात्र वादाला जागा नाही. मज्जारज्जूतून स्नायूंना मिळणारे संदेश थांबले की मांसातला शक्तीचा साठा, म्हणजे एटीपी हा रेणू, सावकाश खर्च होतो आणि ताठरपणा उशिरा येतो.

या एटीपीची पुढची वाटचाल समजून घेण्यासारखी आहे. तो टप्प्याटप्प्याने तुटत जातो आणि वाटेत इनोसिनिक आम्ल तयार होतं. माशाच्या चवीतला जो भरलेपणा आपल्याला जाणवतो, त्याचा मोठा भाग या आम्लाचा असतो. ते जमायला वेळ लागतो. म्हणून नुकताच मारलेला मासा दाताला करकरीत लागतो, पण जिभेला बराचसा मुका असतो. झाडावरून उतरवलेला आंबा आढीत घालावा लागतो, तसंच हे. कानसाई भागात, म्हणजे ओसाका-क्योतोकडे, पांढऱ्या माशाचा करकरीतपणा परंपरेने आवडता. तोक्योकडची जीभ थोड्या मुरलेल्या माशाला झुकते माप देते. मोठ्या ट्यूनाला तर आठवडाभर आणि कधी त्याहून जास्त थंडीत मुरवतात. आंब्याप्रमाणेच इथेही एक टोक आहे, ते ओलांडलं की इनोसिनिक आम्लही तुटतं आणि कडवट अवशेष उरतात. ही घसरण मोजण्यासाठी जपानी संशोधकांनी 1959 मध्ये के-मूल्य नावाचं माप सुचवलं. ते साधारण 20 टक्क्यांच्या खाली असेल तर मासा साशिमीच्या लायकीचा, असा संकेत पुढे रूढ झाला.

'आजचा मासा' हा आपल्याकडचा अंतिम निकष इथे थोडा बाजूला ठेवावा लागतो. नीट मारलेला, रक्त काढलेला आणि बर्फात सांभाळलेला तीन दिवसांचा ताई मासा, पाटीत तडफडून मेलेल्या सकाळच्या माशापेक्षा साशिमीसाठी सरस ठरू शकतो.

सोया सॉसचा मुद्दाही याच रसायनाला चिकटलेला आहे. इकेदा किकुनाए यांनी 1908 मध्ये कोंबू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी नाव दिलं. त्यांचे शिष्य कोदामा शिंतारो यांनी 1913 मध्ये सुकवलेल्या कात्सुओ माशातून इनोसिनेटचा माग काढला. पुढे असं दिसून आलं की हे दोन्ही एकत्र आले की चव बेरजेने नाही, गुणाकाराने वाढते. आंबवलेल्या सोया सॉसमध्ये ग्लुटामेट भरपूर असतं आणि माशात इनोसिनेट. साशिमीच्या शेजारी ती छोटी वाटी खारटपणासाठीच ठेवलेली नसते, हे एकदा कळलं की मासा सॉसमध्ये बुडवून काढायची सवय आपोआप सुटते. कडेला टेकवला तरी पुरतो. अर्थात जपानने साशिमी सोया सॉसबरोबरच जन्माला घातली असंही नाही. एदो काळाच्या सुरुवातीला, 1643 च्या 'र्योरी मोनोगातारी' या पाककृतींच्या ग्रंथाच्या जमान्यात, इरिझाके चालत असे : साके दारूत खारवलेलं उमेबोशी फळ उकळून, आटवून, गाळून केलेलं आंबट-खारट पाणी. पुढे तोक्योजवळच्या नोदा आणि चोशी इथला गडद सोया सॉस एदो शहरात, म्हणजे जुन्या तोक्योत, स्वस्त आणि मुबलक झाला, आणि इरिझाके मागे पडलं. पांढऱ्या माशाला ते सोया सॉसपेक्षा जास्त शोभतं असं मला वाटतं. कृती पुस्तकात दिली आहे. साके आणि उमेबोशी मिळाले तर करून पाहा.

आता जंतांबद्दल. हे प्रकरण लोक वगळतात आणि मग वर्षानुवर्षं एकमेकांना चुकीचं सांगत राहतात.

मुख्य आरोपी ॲनिसाकिस. हा पूर्ण वाढतो देवमासा आणि डॉल्फिनच्या पोटात. अंडी समुद्रात पडतात, अळ्या कोळंबीसारख्या बारीक जिवांत शिरतात, त्यांना मासे खातात, माशांना पुन्हा देवमासे. या फेऱ्यात माणूस चुकून येतो. माशाच्या आतड्याभोवती दोन-तीन सेंटिमीटर लांबीची पांढरी अळी वेटोळं करून बसलेली असते आणि डोळ्यांना सहज दिसते. मासा मेल्यावर आणि तापमान वाढल्यावर काही अळ्या पोटातून मांसात सरकतात. आतडी लवकर काढण्याचा आग्रह त्यामुळेच. अशी जिवंत अळी पोटात गेली तर काही तासांत जठराच्या भिंतीत घुसायचा प्रयत्न करते आणि माणूस पोट धरून गडाबडा लोळतो. डॉक्टर दुर्बिणीतून चिमट्याने ती बाहेर काढतात. जपानमध्ये असे रुग्ण दर वर्षी सापडतात, आणि ते काही अडाणी लोक नसतात. साबा म्हणजे तिकडचा बांगडा, माकुल, कात्सुओ, साम्मा आणि रानटी साल्मन यांत ॲनिसाकिस विशेष आढळतो.

लिंबू पिळलं की मरतो, व्हिनेगरमध्ये मुरवलं की मरतो, वासाबी त्यासाठीच असते, दारू बरोबर घेतली की झालं : या चारही समजुती चुकीच्या आहेत. जेवणात वापरतात तेवढ्या व्हिनेगर, मीठ किंवा वासाबीने ही अळी मरत नाही. तिला मारतात दोनच गोष्टी, उष्णता आणि गोठण. जपानचं आरोग्य मंत्रालय उणे 20 अंश सेल्सियसला 24 तास पुरेसे मानतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मार्गदर्शिका जास्त कडक आहे : उणे 20 ला 7 दिवस, किंवा उणे 35 ला घट्ट गोठवून त्याच तापमानात 15 तास. घरच्या फ्रीजचा बर्फाचा खण फार तर उणे 18 च्या आसपास असतो, आणि मुलं आइस्क्रीमसाठी दिवसातून दहा वेळा तो उघडतात. तुमच्या फ्रीजरवर जंत मारायचं काम सोपवू नका. ते काम झालेला मासा विकत घ्या.

गोठवलेला म्हणजे दुय्यम, ही समजूतही याच जागी सोडावी लागते. होक्काइदोच्या ऐनू लोकांत रुइबे नावाचा प्रकार आहे : हिवाळ्यात बाहेरच्या थंडीत गोठवलेला साल्मन, अर्धवट गोठलेला असतानाच पातळ कापून खायचा. ही पद्धत फ्रीजच्या कितीतरी आधीची. उरलेला जपान मात्र साल्मन कच्चा खात नसे, कारण पॅसिफिकमधल्या साल्मनमध्ये जंत असतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं. साल्मन म्हणजे खारवलेला आणि भाजलेला, सकाळच्या भाताबरोबर. आज जगभर साशिमी म्हटलं की जो केशरी काप डोळ्यांपुढे येतो, तो नॉर्वेने जपानच्या गळी उतरवला आहे. 1980 च्या दशकात नॉर्वेकडे शेतातल्या, म्हणजे समुद्रातल्या पिंजऱ्यांत वाढवलेल्या साल्मनचं उत्पादन मागणीपेक्षा जास्त झालं होतं. मत्स्यव्यवसाय मंत्री थोर लिस्ताऊ 1985 मध्ये शिष्टमंडळ घेऊन तोक्योला गेले. आपला साल्मन गोळ्यांच्या खाद्यावर वाढतो, म्हणून त्यात जंतांचा प्रश्न उद्भवत नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. जपानी व्यापाऱ्यांनी रंगाला नाव ठेवलं, वासाला ठेवलं, डोक्याच्या आकारालासुद्धा ठेवलं. बरीच वर्षं चिवटपणे खेटे घातल्यावर 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला निचिरेई या गोठवलेल्या अन्नाच्या कंपनीने 5,000 टन साल्मन घेतला. अट एकच, तो कच्चा खाण्यासाठी विकायचा. पुढचं काम फिरत्या पट्ट्यावरच्या स्वस्त सुशी दुकानांनी केलं, आणि त्याहून जास्त लहान मुलांनी.

ट्यूनाची गोष्ट याहून उलटीपालटी आहे. आज सर्वांत महाग असलेला पोटाचा चरबीदार भाग, तोरो, एदो काळात टाकून द्यायच्या लायकीचा समजला जाई, कारण तो लवकर खराब होई. लाल भागसुद्धा सोया सॉसमध्ये मुरवूनच टिकवावा लागे. शीतकरण आलं आणि सगळी प्रतवारी पालटली. 14 ऑगस्ट 1972 रोजी कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटाजवळ पकडलेले ट्यूना विमानाने येऊन त्सुकिजी बाजारात लिलावाला लागले. जपानहून इलेक्ट्रॉनिक वस्तू घेऊन जाणारी विमानं परतताना रिकामी येत, त्यांत भरायला माल हवा होता. बेटावर हौशी मासेमार अशा माशाबरोबर फोटो काढून तो पुरून टाकत. त्सुकिजीची जागा घेणाऱ्या तोयोसू बाजारात जानेवारी 2019 च्या नववर्षाच्या पहिल्या लिलावात 278 किलोचा एक ट्यूना 33 कोटी 36 लाख येनला गेला. तो जाहिरातीचा सौदा होता, बाजारभाव नव्हे. तरीही पन्नास वर्षांपेक्षा कमी काळात मासा खड्ड्यातून कुठे पोहोचला ते त्यातून दिसतं.

घरी ट्यूना आणणाऱ्याने यातली एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवावी. ट्यूनाची लाली मायोग्लोबिन या प्रथिनाची, आणि उणे 20 ला सुद्धा ती हळूहळू तपकिरी होते. म्हणून दूरच्या समुद्रात जाणाऱ्या जपानी बोटी आणि शीतगृहं ट्यूना उणे 60 ला ठेवतात. घरच्या फ्रीजरमध्ये साकू आणली की दोन आठवड्यांत संपवा. उलट एखादा तुकडा कलिंगडासारखा गुलाबी-लाल दिसत असेल आणि दिवसेंदिवस तसाच राहत असेल, तर संशय घ्या. कार्बन मोनॉक्साइडची प्रक्रिया केली की रंग पक्का बसतो, मासा सडला तरी रंग सांगत नाही. जपानमध्ये या प्रक्रियेला बंदी आहे, सगळ्या देशांत नाही.

गोठवल्याने जंत मरतात, जिवाणू मरत नाहीत, ते नुसते थांबतात. 1950 मध्ये ओसाकात शिरासू या बारीक माशांतून 272 जणांना विषबाधा झाली आणि 20 जण दगावले. त्या प्रकरणातून फुजिनो त्सुनेसाबुरो यांनी जो जिवाणू शोधला, त्याला आज विब्रिओ पॅराहीमोलिटिकस म्हणतात. तो उबदार खाऱ्या पाण्यात झपाट्याने वाढतो, थंडीत थांबतो आणि गोड्या पाण्यात तग धरत नाही. त्यामुळे अख्खा मासा, पाट, सुरी आणि हात नळाच्या पाण्याखाली नीट धुवायचे. मांसाचा तुकडा सुटा झाला की मात्र पाणी लावायचं नाही, फक्त कागदाने टिपायचं. दुसरा धोका हिस्टॅमिनचा. ट्यूना, बांगडा यांसारखे मासे उन्हात किंवा बर्फाविना राहिले की ते तयार होतं, आणि मग कितीही शिजवलं तरी जात नाही. त्यावर एकच उपाय आहे, पहिल्या क्षणापासून थंडावा.

आता आपल्या बाजाराबद्दल स्पष्ट लिहितो. मासा ओळखण्यात आपल्या कोळिणींचा हात धरणारं कुणी नाही. कल्ले उघडून लाली दाखवतात, अंगठ्याने मांस दाबून दाखवतात, डोळा बघायला सांगतात. ती पारख खरी आहे, पण ती कालवणासाठी आणि तव्यासाठी घडलेली पारख आहे. मासा कसा मेला, त्याचं रक्त निघालं का, बोटीच्या खणात किती दिवस किती बर्फाखाली होता, उणे 20 ला कधी गेला का, या प्रश्नांची उत्तरं कल्ल्यांवर लिहिलेली नसतात. आपलं पाणी उबदार, आपली हवा उबदार, आणि आपली सगळी साखळी हा मासा शेवटी शिजणार आहे हे धरून चाललेली. त्यात चूक काहीच नाही. पण त्या बाजारातला पापलेट, सुरमई, बांगडा किंवा कुपा आणून साशिमी करू नका. पहाटे धक्क्यावर जाऊन, स्वतःच्या डोळ्यांदेखत बोटीतून उतरलेला आणला तरी नको. रावसाला इंग्रजीत इंडियन साल्मन म्हणतात म्हणून कुणी फसू नये. त्याचा साल्मनशी नात्याने काही संबंध नाही. गोड्या पाण्यातला रोहू-कटला तर कधीच नाही. गोड्या पाण्यातल्या जिवांतले यकृताचे आणि फुप्फुसाचे पर्णकृमी ॲनिसाकिसपेक्षा जास्त चिवट आणि जास्त वाईट. कुंभारकाम आणि खाद्यरसिकता या दोन्हींत जपानचा नामवंत असलेला किताओजी रोसान्जिन 1959 मध्ये यकृताच्या विकाराने गेला, आणि कच्च्या गोगलगाई खाण्याच्या त्याच्या हौसेशी त्या विकाराचा संबंध आजही जोडला जातो.

मग भारतात राहून घ्यायचं काय? कच्चं खाण्यासाठी म्हणून गोठवलेली ट्यूनाची साकू, नॉर्वेसारख्या ठिकाणचा शेतातला साल्मन, आणि गोठवलेले होताते, म्हणजे मोठे शिंपले. मोठ्या शहरांत आयात मासळीचे व्यापारी हे पुरवतात. विक्रेत्याला विचारायचं : कुठला, कधी गोठवला, किती तापमानाला, वाटेत वितळला होता का? 'साशिमी ग्रेड' हे शब्द अमेरिकेतसुद्धा कायद्याने बांधलेले नाहीत. ज्याच्याकडे उत्तरं नाहीत आणि फक्त हे दोन शब्द आहेत, त्याच्याकडून घेऊ नका. तोक्योच्या निशि-कासाईत किंवा इतरत्र राहणाऱ्या मराठी वाचकांना ही कटकट नाही. त्यांनी पट्टी वाचायची आणि घरी जायचं.

घरी आल्यावर काम थोडं आहे आणि हळूच करायचं आहे. ट्यूनाची गोठलेली साकू उघड्यावर वितळवली तर तिच्यातून लाल पाणी सुटतं आणि चव त्याबरोबर जाते. एक लिटर कोमट पाणी घ्या, 40 अंशांच्या आसपास, हाताला सुखद लागेल इतपत. त्यात 30 ग्रॅम मीठ विरघळवा. साकू त्यात दोन-तीन मिनिटं फिरवा. वरचा थर मऊ पडेल, बोटांनी वाकवून पाहिलं तर मधला गाभा अजून अडेल. तिथे थांबायचं. बाहेर काढून टिपा, स्वयंपाकघरातल्या कागदात गुंडाळा आणि फ्रीजच्या सर्वांत थंड कप्प्यात दोन-तीन तास ठेवा. तासाभराने कागद ओला झाला असेल तर बदला. साल्मनला हे सोपस्कार लागत नाहीत. तो कागदात गुंडाळून रात्रभर फ्रीजमध्ये वितळू द्यावा.

कापताना साकूवरच्या पांढुरक्या रेषा बघा. त्या स्नायूंच्या थरांमधल्या पडद्यांच्या आहेत. सुरी त्यांना आडवी गेली पाहिजे, समांतर गेली तर काप चिवट लागतो. उजव्या हाताने कापणाऱ्याने उजव्या टोकापासून सुरुवात करावी. पात्याचं मुठीकडचं टोक मांसावर टेकवायचं, आणि दाब न देता, एकाच ओढीत, टोकापर्यंत आपल्याकडे खेचायचं. पुढे-मागे करवतायचं नाही. काप सुटला की तो पात्यालाच चिकटलेला असतो. तसाच थोडा उजवीकडे सरकवून पातं कलतं करून सोडून द्यायचा. ट्यूनाला साधारण एक सेंटिमीटर जाडी, हिरामेसारख्या घट्ट पांढऱ्या माशाला पलीकडची बशीची नक्षी दिसेल इतका पातळपणा, माकुलाला बारीक दोरे. ओढ बरोबर बसली की कापाच्या कडा धारदार उभ्या राहतात आणि पृष्ठभाग उजेडात चमकतो. बोथट सुरीने पेशी चिरडल्या जातात; तोच काप निस्तेज दिसतो आणि बशीत पाणी धरतो. हा फरक आधी डोळ्यांना कळतो, मग जिभेला.

यासाठीची जपानी सुरी म्हणजे यानागिबा : लांब, अरुंद, एकाच बाजूने धार दिलेली, 24 ते 30 सेंटिमीटरची. ओसाकाजवळचं साकाई हे तिचं माहेर. पैसे असतील तर जरूर घ्या, पण घेतलीत तर दगडावर धार लावायला शिकणंही आलं, आणि तो वेगळा संसार आहे. नसेल तर घरातली लांबात लांब, पातळ पात्याची सुरी धार लावून घ्या. दातेरी नको.

वासाबीबद्दल थोडक्यात. ट्यूबमधली हिरवी पेस्ट बहुधा युरोपी मुळी, हॉर्सरॅडिश, आणि रंग यांची असते. खरी वासाबी शिझुओकातल्या इझूसारख्या डोंगराळ भागांत वाहत्या थंड पाण्यात वाढते, शार्कच्या कातडीच्या पट्टीवर गोल-गोल किसतात, आणि किसल्यावर पाव तासात तिचा जोर उतरू लागतो. भारतात ती मिळणं कठीण, तेव्हा ट्यूब वापरायला लाज वाटू देऊ नका. ती सोया सॉसमध्ये कालवण्याऐवजी मुगाएवढी मात्रा कापावर ठेवा, एवढंच. कालवणारे जपानीही पुष्कळ आहेत आणि त्यांना कुणी पंगतीतून उठवत नाही.

मुळ्याच्या बाबतीत मात्र आपण नशीबवान. आपला पांढरा मुळा त्यांच्या दाइकोनचाच भाऊबंद आहे. बारीक लांब चिरून बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवला की कुरकुरीत होतो आणि उग्रपणा उतरतो. पूर्ण निथळून मग ताटात. तो शोभेचा नाही, खायचा आहे; दोन माशांच्या मध्ये जीभ स्वच्छ करतो. शिसो मिळालं नाही तर कोथिंबीर किंवा तुळस घालून वेळ मारून नेऊ नका, जागा मोकळी ठेवा. ताटात मागची बाजू उंच, पुढची उतरती, काप शक्यतो तीन किंवा पाच अशा विषम संख्येने, आणि खाताना आधी पांढरा मासा, मग लाल, शेवटी चरबीदार. माणशी 80 ते 100 ग्रॅम पुरतात. गरोदर स्त्रिया, अगदी लहान मुलं, वयस्कर मंडळी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसं यांच्यासाठी हे ताट नाही. त्यांच्यासाठी तोच मासा तव्यावर टाका.

पुस्तकात फुगू नाही. त्याला परवानाधारक आचारी लागतो आणि त्यात गंमत शोधू नये. मासा जिवंत असतानाच त्याचे काप ताटात मांडायचा प्रकारही नाही, तो मला आवडत नाही. शाकाहारी वाचकांसाठी एक छोटं प्रकरण मुद्दाम घातलं आहे. क्योतो आणि निक्कोकडे सोयाच्या दुधावरची ताजी साय, युबा, साशिमीसारखीच सोया सॉस-वासाबीबरोबर वाढतात, आणि कोन्न्याकू या कंदाच्या जेलीचे पातळ कापही. युबा घरी करता येते. सोयाबीन, पातेलं आणि धीर एवढंच लागतं.

शेवटचं प्रकरण उरलेल्या साशिमीचं आहे, कारण पाहुण्यांतला एखादा आयत्या वेळी कचरतोच. ताटात तासभर बाहेर राहिलेले काप पुन्हा कच्चे खाऊ नका. त्यांना आलं-सोया सॉस लावून तव्यावर परता. पण फ्रीजमधून बाहेरच न आलेले ट्यूनाचे काप असतील, तर दोन भाग सोया सॉस आणि एक भाग मिरिन (स्वयंपाकातली गोड साके) यांत घालून झाकून फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी दुपारी गरम भातावर ते मांडायचे, वर भाजलेले तीळ आणि नोरीचे तुकडे टाकायचे, आणि हवा असेल तर कडकडीत हिरवा चहा ओतायचा. त्यापुढे ठेवू नका.